सिनचा पूर का येत नाही? : नेटवर्क सुरक्षा शिकणाऱ्यांचे प्रश्न

अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नेटवर्क सुरक्षेच्या अभ्यासाबद्दल पाठवलेले काही निवडक प्रश्न आणि हा विषय शिकवणाऱ्यांनी दिलेली उत्तरं. शीर्षकातला सिन म्हणजे इंटरनेटवर जोडणी जुळवणाऱ्या टीसीपी प्रोटोकॉलमधलं जोडणी मागणारं पहिलं पाकीट, आणि खोट्या सिनचा पूर आणून सर्व्हर अडवणं हा 'सिन फ्लड' हल्ला. प्रयोगांबद्दल जे सांगितलं आहे ते स्वतःच्या लॅपटॉपवरच्या, बाहेरच्या जाळ्याशी न जोडलेल्या प्रयोगशाळेसाठी आहे.

प्रश्न : आम्हाला प्रॅक्टिकलला सीड लॅब्ज या तयार प्रयोगसंचातला 'सिन फ्लड'चा प्रयोग आहे. डॉकरवर कंटेनर (एकाच यंत्रातले वेगळे कप्पे) चालू केले, पायथनच्या स्क्रिप्टने खोट्या पत्त्यांचे सिन पाठवले, पाकिटं दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये ते धो धो जाताना दिसतात. पण दुसऱ्या कंटेनरमधून टेलनेट केलं की लगेच लॉगिन समोर येतं. बॅचमधल्या बहुतेकांनी जर्नलमध्ये 'हल्ला यशस्वी' लिहून सही घेतली. माझ्याकडे मात्र सर्व्हर ढिम्म हलत नाही. काय चुकतंय?
— तृतीय वर्ष आयटीची विद्यार्थिनी, सांगली

तुमचं काही चुकलेलं नाही, जर्नलं चुकलेली असण्याची शक्यता जास्त. लिनक्सचं कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, या हल्ल्याला चांगलं ओळखून आहे. त्याच्यात मुळातच असलेले बचाव एकेक करून बाजूला ठेवल्याशिवाय हा प्रयोग होत नाही, आणि ते बचाव समजणं हाच या प्रयोगाचा अर्धा अभ्यास.

आधी आपल्याला भरायचं काय आहे ते पाहू. क्लायंटकडून सिन आला की सर्व्हर त्या अर्धवट जोडणीची नोंद एका रांगेत करतो, होकाराचं पाकीट म्हणून सिन-अ‍ॅक पाठवतो आणि पोचपावतीच्या शेवटच्या अ‍ॅकची वाट पाहतो. अ‍ॅक आलाच नाही तर तो सिन-अ‍ॅक पुन्हा पाठवतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये ५ वेळा, प्रत्येक वेळी आधीच्या दुप्पट थांबून. १, २, ४, ८, १६, ३२ अशी बेरीज केली तर एक खोटी नोंद साधारण ६३ सेकंद जागा अडवून बसते. रांग भरली की नव्या माणसाला जागा नाही, एवढाच हा हल्ला.

पहिला बचाव म्हणजे सिन कुकी. डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९६ मध्ये सुचवलेली ही युक्ती आहे : रांग भरली की सर्व्हर नोंद ठेवणंच बंद करतो. जोडणीची आवश्यक माहिती तो आपल्या ३२ बिटांच्या सुरुवातीच्या क्रमांकात दडवून सिन-अ‍ॅकबरोबर पाठवून देतो. मूळ रचनेत ५ बिट वेळेसाठी, ३ बिट पाकिटाच्या कमाल आकारासाठी आणि २४ बिट गुप्त हॅशसाठी (गुपितावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यासाठी) आहेत. खरा क्लायंट अ‍ॅकमध्ये त्या क्रमांकात एक मिळवून परत करतो, त्यावरून सर्व्हर जोडणी पुन्हा उभी करतो. खोट्या पत्त्याकडून अ‍ॅक येतच नाही आणि सर्व्हरचं काहीच अडत नाही. उबुंटूवर ही सोय आधीपासून चालू असते. प्रयोगासाठी बळी कंटेनरवर सिसकंट्रोल कमांडने 'टीसीपी सिनकुकीज' शून्य करा. कंटेनरला विशेषाधिकार दिलेला नसेल तर ही कमांड नाकारली जाते. मग तीच सेटिंग कंटेनरांची मांडणी असलेल्या कंपोझ फाइलमध्ये लिहून कंटेनर नव्याने उभा करावा लागतो. बदल झाला असं गृहीत धरू नका, मूल्य पुन्हा वाचून पाहा.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि तुमच्याकडे तीच घडत असावी. कुकी बंद असल्या की कर्नल रांगेतला एक चतुर्थांश भाग ओळखीच्या पत्त्यांसाठी राखून ठेवतं. रांग १२८ ची असेल तर ३२ जागा राखीव, परक्यांसाठी ९६. ओळखीचे पत्ते म्हणजे ज्यांनी याआधी या सर्व्हरशी पूर्ण जोडणी केली आहे ते. हल्ल्याआधी 'टेलनेट चालतं का बघू' म्हणून तुम्ही त्याच कंटेनरमधून एकदा लॉगिन केलं असेल, तर तुमचा पत्ता सर्व्हरच्या लक्षात राहिला. पूर कितीही येऊ द्या, तुम्हाला राखीव जागेतून प्रवेश मिळणारच. बळी कंटेनरवर आयपी कमांडने 'टीसीपी मेट्रिक्स' आधी दाखवा, मग फ्लश करा, आणि नंतरच टेलनेट करून पाहा.

तिसरी अडचण वेगाची. जुन्या नोंदी मुदत संपून बाहेर पडतात तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेसाठी तुमचे खोटे सिन आणि खरं टेलनेट यांची शर्यत लागते. पायथनमधलं स्केपी एकेक पाकीट बांधून पाठवतं, ते संथ आहे. तीच स्क्रिप्ट चार-पाच टर्मिनलांत एकदम चालवा, किंवा सीडने दिलेला सी भाषेतला प्रोग्राम वापरा. त्याने फरक ताबडतोब दिसतो. रांग लहान केली तरी चालेल, पण केली असेल तर जर्नलमध्ये तसं लिहा.

चौथी गोष्ट खोट्या पत्त्यांची. निवडलेल्या पत्त्यावर खरंच एखादं यंत्र जिवंत असेल तर त्याला न मागता सिन-अ‍ॅक मिळतो आणि ते रीसेट, म्हणजे जोडणी तोडणारं पाकीट, पाठवून देतं. सर्व्हर लगेच ती नोंद पुसतो. कंटेनरऐवजी दोन आभासी यंत्रांमध्ये प्रयोग करणाऱ्यांना व्हर्च्युअलबॉक्सचा नॅटही, म्हणजे पत्ते बदलून पाकिटं बाहेर पाठवणारा मधला दुवाही, असाच नडतो : सिन त्याच्यामार्फत गेलेला नसल्यामुळे बाहेर निघालेला सिन-अ‍ॅक त्याला परका वाटतो आणि तोच रीसेट पाठवतो. वायरशार्कमध्ये रीसेटची रांग दिसली तर स्क्रिप्टला दोष देण्याआधी हे तपासा.

यश मोजायचं ते टेलनेट अडकलं की नाही यावर नाही. नेटस्टॅट किंवा एसएस कमांडने 'सिन-रिसीव्ह्ड' अवस्थेतल्या जोडण्या दर ५ सेकंदांनी मोजा. आकडा वर चढून एका पातळीला स्थिर झाला की रांग भरली. कुकी बंद, कुकी बंद करून मेट्रिक्स फ्लश, कुकी चालू, अशा तीन वेळचे आकडे जर्नलमध्ये शेजारी शेजारी लिहा. तुमचा न लागलेला हल्लाही त्यात येऊ द्या. बाह्य परीक्षकाला कारणासकट दिलेलं अपयश कोरड्या यशापेक्षा जास्त काही सांगतं.

प्रश्न : टीसीपी रीसेट हल्ल्यात वायरशार्कमधला सीक्वेन्स नंबर बघून स्केपीत टाकला, तरी जोडणी तुटत नाही. नंबर ५७ दिसतो, ५७ च टाकला होता.
— बी.ई. कॉम्प्युटर, नांदेड

५७ वरूनच निदान होतं. सीक्वेन्स नंबर म्हणजे पाठवलेल्या बाइटांचा चालू क्रमांक. वायरशार्क वाचकाच्या सोयीसाठी प्रत्येक जोडणीचा पहिला क्रमांक शून्य धरून पुढचे दाखवतं. तारेवरून जाणारा खरा क्रमांक ३२ बिटांचा, बहुतेक वेळा दहा अंकी असतो. प्रेफरन्सेसमध्ये प्रोटोकॉल्स, त्यात टीसीपी उघडा आणि 'रिलेटिव्ह सीक्वेन्स नंबर्स' पुढची खूण काढा. नव्या आवृत्त्यांत 'रॉ' असं लिहिलेला खरा क्रमांक तपशिलात वेगळाही दिसतो.

एवढ्यावर भागत नाही. क्रमांक 'जवळपास' असून चालत नाही. आरएफसी ५९६१ या इंटरनेट-नियमांच्या दस्तऐवजानुसार रीसेटचा क्रमांक समोरच्याला अपेक्षित असलेल्या पुढच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला तरच जोडणी तुटते. खिडकीच्या, म्हणजे त्या क्षणी चालणाऱ्या क्रमांकांच्या पट्ट्याच्या, आत असला पण नेमका नसला, तर समोरचा 'चॅलेंज अ‍ॅक' पाठवून खात्री करून घेतो. टेलनेटमध्ये प्रत्येक अक्षरागणिक क्रमांक एकाने सरकतो. म्हणजे तुम्ही नंबर वहीत उतरवून घेईपर्यंत कुणी एक कळ दाबली तरी तो शिळा झाला. हाताने टाइप करण्यापेक्षा स्निफ करून लगेच उत्तर देणारी स्क्रिप्ट लिहा : सर्व्हरकडून क्लायंटकडे जाणारं पाकीट पकडायचं, त्याच्यातला अ‍ॅक क्रमांक हाच तुमच्या खोट्या पाकिटाचा सीक्वेन्स नंबर ठेवायचा, उगम क्लायंटचा आणि मुक्काम सर्व्हरचा. पोर्ट नंबरांची अदलाबदल करायला विसरू नका.

हाच हल्ला एसएसएचवरही लागतो, हे करून पाहाच. एसएसएच मजकूर कुलूपबंद करतं, टीसीपीचा मथळा उघडाच राहतो. मधे मजकूर घुसवायला गेलात तर मात्र पडताळणीत पकडले जाल आणि जोडणी तुटेल. 'एन्क्रिप्शन आहे म्हणजे सुरक्षित' या परीक्षेतल्या लाडक्या वाक्याला हा प्रयोग चांगला उतारा आहे.

जाता जाता आणखी एक : स्केपीतून तुम्ही स्वतः सिन पाठवून जोडणी करायला गेलात तर तुमचंच कर्नल ती मोडतं. जोडणी स्केपीने सुरू केली हे कर्नलला ठाऊक नसतं. अनोळखी सिन-अ‍ॅक आला म्हणून ते रीसेट पाठवतं. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलने त्या पत्त्याकडे जाणारे रीसेट प्रयोगापुरते अडवावे लागतात.

प्रश्न : ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर घरची लॅब होईल का? कोणतं नेटवर्क निवडायचं यात गोंधळ होतो. मेटास्प्लॉइटेबल सुरू केलं तर कालीवरून पिंगच जात नाही.
— एम.एस्सी. प्रथम वर्ष, कोल्हापूर

होईल, पण एका वेळी दोनच यंत्रं. विंडोज आणि उघडा ब्राउझर मिळून साडेतीन-चार जीबी खातात. कालीला, म्हणजे हल्ल्याची साधनं असलेल्या लिनक्सला, २ जीबी द्या, सरावासाठी कमकुवत ठेवलेल्या मेटास्प्लॉइटेबल २ ला अर्धा जीबी पुरतो, ते उबुंटू ८.०४ वर बांधलेलं जुनं यंत्र आहे. तिसरं यंत्र लागलं तर ते चित्राविना चालणारं, फक्त टर्मिनलचं घ्या. एसएसडीवर ६० जीबी मोकळी ठेवा, कारण स्नॅपशॉट हळूहळू जागा गिळतात. सीडचे प्रयोग करायचे असतील तर एकच आभासी यंत्र आणि त्याच्या पोटात कंटेनर हा मार्ग हलका पडतो.

व्हर्च्युअलबॉक्समधले पर्याय असे. नॅटमध्ये प्रत्येक यंत्र आपापल्या वेगळ्या नॅटमागे असतं, दोघांनाही १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो आणि ती एकमेकांना दिसत नाहीत. तुमचं पिंग बहुधा इथेच अडलंय. ब्रिज्डमध्ये यंत्र थेट घरच्या राउटरवर येतं. मेटास्प्लॉइटेबलसारखं मुद्दाम भोकं ठेवलेलं यंत्र तिथे कधीही जोडू नका, वसतिगृहाच्या वायफायवर तर नाहीच. होस्ट-ओन्लीमध्ये यंत्रं एकमेकांना आणि तुमच्या लॅपटॉपला दिसतात, बाहेर जात नाहीत; पत्ते साधारणपणे १९२.१६८.५६ ने सुरू होतात. इंटर्नलमध्ये लॅपटॉपही बाहेर राहतो. तिथे पत्ता वाटणारा डीएचसीपी आपोआप नसतो, म्हणून पत्ते हाताने द्यावे लागतात. नवशिक्यांनी होस्ट-ओन्ली घ्यावं. कालीत काही उतरवून घ्यायचं असेल तेवढ्यापुरतं दुसरं अ‍ॅडॉप्टर नॅटवर जोडा आणि काम झालं की काढा.

तिसऱ्या यंत्रावरून इतर दोघांची पाकिटं पाहायची असतील तर अ‍ॅडॉप्टरच्या प्रगत सेटिंगमध्ये 'प्रॉमिस्क्युअस मोड' नकारावर असतो, तो 'अलाउ व्हीएम्स' वर न्या. ही एक खूण बदलायची राहिली म्हणून वायरशार्क कोरं दिसतं आणि मुलं संध्याकाळभर ड्रायव्हर बदलत बसतात.

यंत्र रखडत असेल आणि खिडकीच्या तळपट्टीत हिरवं कासव दिसत असेल, तर विंडोजचं स्वतःचं आभासी यंत्रांचं साधन हायपर-व्ही मधे आलंय. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमधलं लिनक्स) किंवा 'मेमरी इंटिग्रिटी' चालू असली की असं होतं. चालतं, पण हळू. कासव न दिसता यंत्र सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद आहे का ते पाहा. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या चिपवर मेटास्प्लॉइटेबलसारख्या इंटेलसाठी बांधलेल्या प्रतिमा थेट चालत नाहीत. तिथे यूटीएम या प्रोग्राममधलं इंटेल चिपचं अनुकरण वापरावं लागतं आणि ते संथ असतं.

प्रश्न : कॉलेजच्या वायफायवर एनमॅप (उघडी पोर्ट शोधणारं साधन) चालवून बघितलं तर गुन्हा होतो का? विषयाच्या सरांनी 'करून बघा' म्हटलंय.
— द्वितीय वर्ष, पुणे

सरांनी म्हटलं ही परवानगी नव्हे. जाळ्याचा मालक किंवा प्रभारी जो असेल, त्याची लेखी संमती लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चं कलम ४३ 'परवानगीशिवाय' या शब्दांवर उभं आहे : प्रवेश, माहिती काढून घेणं, सेवा विस्कळीत करणं यांसाठी नुकसानभरपाई. तीच कृती अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केली तर कलम ६६ लागतं. ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं पोर्ट तपासणं कुठे बसतं यावर वकील वाद घालतील. तुमचं प्रवेशपत्र मात्र त्या वादाच्या निकालापर्यंत अडकून राहू शकतं.

संमतीपत्रात पाच गोष्टी असाव्यात : कोणते पत्ते, कोणत्या तारखेला किती ते किती वाजता, कोणतं साधन आणि कोणता प्रकार, काही बंद पडलं तर कुणाला फोन करायचा, आणि सापडलेलं कुणाला दाखवायचं. एवढी खटपट नको असेल तर एनमॅपवाल्यांनीच 'स्कॅनमी' नावाचं यंत्र सरावासाठी खुलं ठेवलंय. त्यावर मर्यादेत स्कॅन करायला त्यांची ना नाही. सहज एखादी त्रुटी दिसलीच तर ती 'वापरून' सिद्ध करू नका. संबंधित संस्थेला किंवा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवा. त्रुटी कळवण्याची व्यवस्था सर्ट-इनकडे आहे.

प्रश्न : यूडीपी स्कॅन रात्रभर चालू ठेवला तरी संपला नाही. लॅपटॉप कमी पडतोय का?
— छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक

नाही. यूडीपीमध्ये टीसीपीसारखी जोडणी आधी जुळवली जात नाही. बंद यूडीपी पोर्ट 'मी बंद आहे' हे आयसीएमपी या त्रुटी कळवणाऱ्या संदेशाने सांगतं, आणि लिनक्स असे संदेश सेकंदाला साधारण एकच पाठवतं. ६५,५३६ पोर्ट म्हणजे १८ तासांहून जास्त. एनमॅप समोरच्याची ही मर्यादा ओळखून स्वतःच वेग कमी करतं. सगळी पोर्ट घेऊ नका. ५३, ६७, १२३, १६१ अशी नेमकी द्या. उत्तरात 'ओपन किंवा फिल्टर्ड' आलं तर त्याचा अर्थ एवढाच की काही उत्तरच आलं नाही.

प्रश्न : बी.एस्सी.ला गणित जेमतेम होतं. क्रिप्टोग्राफीसाठी किती गणित लागेल? आरएसएची उदाहरणं दरवेळी चुकतात.
— एम.सी.ए.ची विद्यार्थिनी, जळगाव

कॅल्क्युलस बाजूला ठेवा. लागतं ते असं : भागाकारात उरणाऱ्या बाकीचं अंकगणित, म्हणजे मॉड्युलो, युक्लिडची विस्तारित पद्धत, फर्मा आणि ऑयलर यांची प्रमेयं, आणि थोडी संभाव्यता. महिनाभर रोज हाताने दोन-तीन उदाहरणं सोडवली की पदव्युत्तर परीक्षेपुरतं झालं. कॅल्क्युलेटर सुरुवातीला नकोच.

आरएसए म्हणजे जाहीर आणि खाजगी अशा जोडकिल्ल्यांची पद्धत, तिच्यातल्या चुका ठरलेल्या जागी होतात. ५ आणि ११ या मूळसंख्या घ्या. गुणाकार ५५, आणि ४ गुणिले १० म्हणजे फाय ४०. आता जाहीर किल्लीतला ई निवडायचा. पुष्कळजण ५ घेतात कारण ती मूळसंख्या आहे. पण ५ ने ४० ला भाग जातो, त्यामुळे त्याचा व्यस्त मिळतच नाही. ई मूळसंख्या असणं महत्त्वाचं नाही, ४० शी त्याचा सामाईक विभाजक १ च असणं महत्त्वाचं आहे. ३ घ्या. युक्लिडच्या विस्तारित पद्धतीने खाजगी किल्लीतला डी येतो उणे १३. इथे दुसरी चूक होते : उणे चिन्ह नुसतं खोडून १३ लिहितात. ४० मिळवायचे असतात, म्हणून डी २७. पडताळा लगेच घ्या : ३ गुणिले २७ म्हणजे ८१, ४० ने भागून बाकी १. संदेश ७ असेल तर ७ चा घन ३४३, ५५ ने भागून बाकी १३. हा झाला सांकेतिक आकडा. १३ चा २७ वा घात काढताना थेट गुणाकार करत बसू नका. वर्ग करत जा आणि प्रत्येक पायरीला ५५ ने बाकी घ्या : १३ चा वर्ग १६९, बाकी ४, चौथा घात १६, आठवा २५६, बाकी ३६, सोळावा १२९६, बाकी ३१. २७ म्हणजे १६ अधिक ८ अधिक २ अधिक १, तेव्हा ३१, ३६, ४ आणि १३ यांचा गुणाकार करायचा, बाकी घेत घेत. उत्तर ७ आलं पाहिजे. तिसरी चूक : संदेश ५५ पेक्षा लहानच हवा. ६० घेतलात तर परत ५ मिळेल आणि तुम्ही गणित शोधत बसाल.

डिफी-हेलमन, म्हणजे उघड्या वाटेवर सामाईक गुपित ठरवण्याची पद्धत, तिचं उदाहरणही असंच वहीत बसतं. मॉड्युलस २३, पाया ५. एकाचं गुपित ४ : ५ चा चौथा घात ६२५, बाकी ४. दुसऱ्याचं गुपित ३ : १२५, बाकी १०. आता पहिला १० चा चौथा घात काढतो, दुसरा ४ चा घन. दोघांनाही १८ मिळतात. मधे बसलेल्याला २३, ५, ४ आणि १० दिसतात. एवढ्या लहान आकड्यांत तोही एका मिनिटात गुपित काढेल. प्रत्यक्षात मॉड्युलस २०४८ बिटांचा किंवा त्याहून मोठा असतो. तो माणूस आकडे नुसते पाहत न बसता वाटेत बदलू लागला तर मात्र हे गणित काहीच थांबवत नाही. समोरच्याची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर इथे सुरू होतं, आणि सूत्रं पाठ करणाऱ्यांचा धागा नेमका इथेच सुटतो.

प्रश्न : टीएलएस १.३ शिकवलं, पण वायरशार्कमध्ये ब्राउझरची जोडणी टीएलएस १.२ दाखवते. प्रमाणपत्रही दिसत नाही. आतला मजकूर अभ्यासासाठी उलगडता येईल का?
— बी.टेक., नागपूर

टीएलएस म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली जोडणी कुलूपबंद करणारा प्रोटोकॉल. त्याच्या क्लायंट हेलो या पहिल्या संदेशातल्या आवृत्तीच्या रकान्यात १.३ चे क्लायंटसुद्धा १.२ चाच आकडा लिहितात. जुनी मधली उपकरणं नवा आकडा पाहिला की जोडणीच तोडत, म्हणून ही तडजोड. खरी आवृत्ती 'सपोर्टेड व्हर्जन्स' या विस्तारात पाहा. प्रमाणपत्र न दिसणंही बरोबर आहे : २०१८ च्या १.३ मध्ये सर्व्हर हेलोनंतरचं सगळं, प्रमाणपत्रासकट, बंद पाकिटातून जातं.

सर्व्हरची खाजगी किल्ली देऊन उलगडण्याची जुनी पद्धत इथे लागू होत नाही, कारण दर जोडणीला ताजी डिफी-हेलमन देवाणघेवाण होते. स्वतःच्या ब्राउझरच्या किल्ल्या मात्र मिळतात. 'एसएसएल की लॉग फाइल' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल एखाद्या फाइलच्या मार्गावर बसवा, ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद करून त्याच टर्मिनलमधून तो पुन्हा उघडा, आणि वायरशार्कच्या टीएलएस प्रेफरन्सेसमध्ये तीच फाइल द्या. फाइल रिकामी राहिली तर ब्राउझरची जुनी प्रक्रिया मागे चालू होती. फाइल भरली तरी उलगडत नसेल तर पाकिटं पकडणं उशिरा सुरू झालं. हँडशेक (सुरुवातीची देवाणघेवाण) पकडीत असलाच पाहिजे. काही संकेतस्थळं क्विकवरून, म्हणजे यूडीपी ४४३ वरून येतील. सुरुवातीला ब्राउझरमध्ये क्विक बंद ठेवलेलं सोपं. काम झालं की ती फाइल पुसा, तिच्यात तुमच्या बँकेच्या जोडणीच्याही किल्ल्या असू शकतात.

प्रश्न : मशीन लर्निंगवर घुसखोरी ओळखणारी प्रणाली हा आमचा अंतिम वर्षाचा प्रकल्प. अचूकता ९९.८ टक्के आली. गाइड खूश आहेत, पण एका माजी विद्यार्थ्याने 'व्हायव्हात मार खाल' असं सांगितलंय. का?
— चौघांचा गट, नाशिक

तो बरोबर सांगतोय. आधी एक हिशेब करा. एका संस्थेच्या जाळ्यात दिवसाला १० लाख जोडण्या होतात, त्यात १०० वाईट आहेत असं धरू. तुमची प्रणाली वाइटांपैकी ९९ टक्के पकडते आणि चांगल्यांपैकी फक्त १ टक्क्यावर उगाच ओरडते. म्हणजे ९९ खरे इशारे आणि जवळपास १०,००० खोटे. बसलेला माणूस शंभर इशारे उघडेल तेव्हा त्याला एक खरा मिळेल. आणि कुठलाच इशारा न देणारी, सगळ्याला 'ठीक' म्हणणारी प्रणाली याच जाळ्यात ९९.९९ टक्के अचूक ठरते! म्हणून अचूकतेचा आकडा मागे ठेवा. प्रिसिजन (इशाऱ्यांपैकी किती खरे), रिकॉल (वाइटांपैकी किती पकडले) आणि दिवसाला किती खोटे इशारे हे पुढे आणा.

दुसरा प्रश्न डेटासेटचा येईल. केडीडी ९९ घेतलाय का? त्याचं मूळ १९९८ मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत बनवलेल्या कृत्रिम रहदारीत आहे. २००९ मधल्या तपासणीत त्यातल्या शिकवणीच्या सुमारे ७८ टक्के आणि चाचणीच्या सुमारे ७५ टक्के नोंदी पुनरावृत्त निघाल्या. त्यातूनच एनएसएल-केडीडी आला. पुनरावृत्ती गेली, काळ तोच राहिला : आजची एन्क्रिप्टेड रहदारी त्यात नाही.

सीआयसीआयडीएस २०१७ घेतला असेल तर तपासायच्या गोष्टी वेगळ्या. ही रहदारी सोमवार ते शुक्रवार अशा पाच दिवसांची आहे, सोमवारी फक्त चांगली, आणि प्रत्येक हल्ला ठरावीक दिवशी ठरावीक वेळेत, मोजक्या पत्त्यांवरून केलेला. वेळ, पत्ता किंवा फ्लो आयडी (जोडणीची ओळख) हे रकाने तुम्ही मॉडेलला दिले असतील तर ते हल्ला शिकलंच नाही, वेळापत्रक शिकलं. हे रकाने काढा. 'डेस्टिनेशन पोर्ट' ठेवून आणि काढून दोन्ही निकाल दाखवा. 'फ्लो बाइट्स प्रति सेकंद' मध्ये 'इन्फिनिटी' आणि 'नॅन' सापडतील, कारण कालावधी शून्य असलेल्या जोडण्यांत भागाकार शून्याने झालाय. त्या ओळींचं तुम्ही काय केलंत हे लिहून ठेवा, परीक्षक हमखास विचारतात. जोडणी कुठे संपली हे ठरवण्यात फ्लो काढणाऱ्या साधनाची चूक होती आणि काही लेबलंही चुकली होती. २०२१ मध्ये संशोधकांनी ते दाखवून सुधारित संच दिला. तो घ्या.

सगळ्या ओळी पिसून ८०-२० असं विभाजन केलं असेल तर एकाच हल्ल्याच्या जुळ्या नोंदी दोन्हीकडे गेल्या. त्याऐवजी काही हल्ले पूर्ण बाजूला ठेवा, शिकवताना दाखवूच नका, आणि मग चाचणी घ्या. आकडा बहुधा कोसळेल. तो कोसळलेला आकडा कारणांसह अहवालात द्या, प्रकल्प तिथून सुरू होतो.

वेळ असेल तर वरच्या होस्ट-ओन्ली लॅबमध्ये सुरिकाटा ही नियमांवर चालणारी घुसखोरी ओळखणारी प्रणाली बसवून तुमच्या मॉडेलशी तुलना करा. सावधान : एकाच लॅपटॉपवरच्या आभासी यंत्रांत चेकसमचं, म्हणजे पाकीट बिघडलं नाही हे तपासणाऱ्या आकड्याचं, काम नेटवर्क कार्डावर सोपवलेलं असतं, त्यामुळे पकडलेल्या पाकिटांत तो चुकीचा दिसतो आणि सुरिकाटा अशी पाकिटं सोडून देतं. नियम बरोबर, हल्ला समोर, इशारा मात्र नाही! इथटूल कमांडने हे ऑफलोड बंद करा किंवा सुरिकाटाला चेकसम न तपासण्याचा पर्याय द्या. १५१४ बाइटांपेक्षा मोठी पाकिटं दिसत असतील तर कारण याच घराण्यातलं, पाकिटं जोडून देणारं ऑफलोड. तेही बंद करा.

प्रश्न : मुलाला यातच पुढे शिकायचं आहे. एम.टेक., सी-डॅक की नुसती सर्टिफिकेट्स?
— पालक, सातारा

संशोधन, अध्यापन किंवा उत्पादन बनवणाऱ्या कंपन्या डोळ्यांसमोर असतील तर गेट देऊन एम.टेक. गेटचा गुणांक ३ वर्षं चालतो. आयआयटींसाठी कोअ‍ॅप आणि एनआयटींसाठी सीसीएमटी अशा वेगळ्या प्रक्रिया आहेत, दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते. पुण्यात गिरिनगरच्या डायट या संरक्षण-तंत्रज्ञान संस्थेत सायबर सुरक्षेचं एम.टेक. आहे. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचं एक आवार गोव्यात आहे. लवकर नोकरी हवी असेल तर सी-डॅकचा आयटी पायाभूत सुविधा आणि सुरक्षेचा पदविका अभ्यासक्रम साधारण ६ महिन्यांचा, प्रवेश सी-कॅट परीक्षेतून. दिवसभराचं वेळापत्रक असतं. सोबत नोकरी जमत नाही.

सर्टिफिकेटांत आधी सीसीएनए दर्जाचं नेटवर्किंग पक्कं करू द्या. ओएससीपी या प्रत्यक्ष हल्ला करून दाखवण्याच्या प्रमाणपत्राची परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची, त्यानंतर अहवालासाठी आणखी २४ तास. हात बसलेला नसताना ती फी भरू नका. बहुपर्यायी प्रश्नांवर मिळणारी महाग प्रमाणपत्रं मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात, पुढे '/२६ च्या जाळ्यात किती यंत्रं बसतील' असं विचारलं जातं. उत्तर ६२. ते त्याला तोंडपाठ नसून कळलेलं असेल, तर फीचे पैसे तूर्त रॅम १६ जीबी करण्यात घाला.